दाढीवाल्याच्या आवाजाचा तळ

"मत्सर हा सामान्य माणसांचा रोग आहे. खऱ्या रसिकाला तो शिवत नाही," असं चष्मेवाल्यांनी बायकोला ठणकावून सांगितलं, तेव्हा ते गॅलरीत वाळत घातलेल्या चादरीआड उभे राहून, दुकानातून आणलेल्या दुर्बिणीने, समोरच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चढवले जाणारे दोन स्पीकर बघत होते.

"केवढे आहेत हो?" बायकोने आतून विचारलं.

"मला काय करायचंय?" चष्मेवाले म्हणाले. "कपाटाएवढे. आपल्या नाही, तुझ्या माहेरच्या कपाटाएवढे."

चौकात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि वस्तीतल्या निम्म्या नाकांवर त्यांचंच राज्य होतं. पण खरं साम्राज्य पसरायचं ते रविवारी दुपारी, त्यांच्या दिवाणखान्यात, रॉक आणि सोल या दोन संगीतांच्या भक्तमंडळात. साम्राज्य म्हटलं की प्रजा लागते. ती तीन माणसांची होती. एक वकीलबाई. त्या मनाने रॉकवाल्या, पण समोरचा रॉकची बाजू घेऊ लागला की केवळ सवयीने सोलचं वकीलपत्र घ्यायच्या. दुसरे कॅशियरकाका. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ कुणाचंच मन मोडत नसत. जो शेवटी बोलेल त्याचं बरोबर, हे त्यांचं आयुष्यातलं एकमेव ठाम मत होतं. आणि तिसरा दंतवैद्य. हा कट्टर सोलवाला, म्हणून त्याची जागा दाराजवळच्या स्टुलावर, चपलांच्या शेजारी.

रॉक आणि सोल यांत फरक काय, हे ज्याला ठाऊक नसेल त्याच्यासाठी सांगायचं तर, रॉकमध्ये माणूस सगळ्या जगावर चिडलेला असतो आणि सोलमध्ये तो एकाच व्यक्तीवर चिडलेला असतो. एवढ्याशा फरकावर ही मंडळी वीस वर्षं भांडत होती. लोक यापेक्षा कमी भांडवलावर धंदे उभे करतात.

चष्मेवाल्यांचं दैवत म्हणजे एक दाढीवाला रॉक गायक. त्याला रीतसर नाव होतं, पण वडिलांना कुणी नावाने हाक मारतं का? मंडळात तो नुसता 'दाढीवाला'. "बाकीच्यांचा आवाज गळ्यातून येतो," चष्मेवाले प्रवचनाला बसल्यासारखे मांडी ठोकून सांगत, "सोलवाल्यांचा नाकातून येतो. दाढीवाल्याचा विहिरीतून येतो. त्याला तळ नाही. आणि घाई तर बिलकुल नाही." घाई नव्हती हे खरंच. रेकॉर्डच्या कव्हरवर ज्या गाण्याची लांबी चार मिनिटं छापली होती, ते चष्मेवाल्यांच्या घरी पाचाच्या घरात जाई. "छापणाऱ्याची चूक," चष्मेवाले म्हणत. "कलावंत घड्याळ बघून गात नसतो."

हे सगळं ज्याच्यावर वाजे, तो रेकॉर्ड प्लेअर सासऱ्यांनी घर बदलताना अडगळ म्हणून जावयाला दिला होता. त्याच्या पोटात मोटर आणि थाळी यांना जोडणारा एक रबरी पट्टा असतो. तो लग्नाच्या पहिल्याच वर्षी तुटला. तेव्हा चष्मेवाल्यांनी कुणाचे पाय धरले नाहीत. लहान मुलांचा चष्मा पडू नये म्हणून डोक्यामागून जी लवचीक दोरी लावतात, तिचा एक तुकडा मापून, टोकं शिवून, त्यांनी स्वतःच्या हाताने पट्टा केला. "आज वीस वर्षं झाली, हूं नाही की चूं नाही," हे वाक्य दर रविवारी, बहुधा बिस्किटं संपल्यावर, ऐकू यायचंच.

त्याच वर्षी बायकोनेही हौसेने एक रेकॉर्ड आणली होती. सोलमधल्या 'मोठ्या बाई' म्हणून मंडळी जिला ओळखत, त्या गायिकेची. ती चष्मेवाल्यांनी लावली. मोठ्या बाई सर्दी झालेल्या फौजदारासारख्या गायल्या. "सोल म्हणतात ते हेच," चष्मेवाले म्हणाले. बायकोने रेकॉर्ड उचलली, कपाटात चादरींच्या खाली ठेवली आणि ती चहा टाकायला गेली. त्यानंतर ती मंडळात कधी बसली नाही. दर रविवारी चहा मात्र वेळेवर येत राहिला, त्यामुळे ती बसत नाही हे कुणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना चपलांशेजारच्या स्टुलावर वीस वर्षं बसलेल्या माणसाने नवं मशीन आणि कपाटाएवढे स्पीकर घेतले. शिवाय खोलीला एसी होता. चहाऐवजी थंड कॉफी आणि चीज सँडविच होतं. माणूस किती खालच्या पातळीवर उतरू शकतो, ते बघा.

पुढच्या रविवारी चष्मेवाल्यांच्या दिवाणखान्यात एकटे कॅशियरकाका उगवले, तेही त्यांना कुणी कळवलं नव्हतं म्हणून.

"बाकीचे कुठे आहेत?" काकांनी विचारलं.

"समोर," चष्मेवाले म्हणाले. या एका शब्दात त्यांनी एवढं विष भरलं की दुसरा कुणी जागीच थिजला असता.

"असं होय," काका म्हणाले. "मग चहा घेऊन मीही निघतो."

आणि काकांच्या मागोमाग बायकोही पदर सावरत निघाली. "वकीलबाई कधीच्या बोलावतायत. बघून येते जरा."

"स्पीकर ही काय बघायची गोष्ट आहे?"

"तुम्ही बघताय ना आठ दिवस!"

चष्मेवाले चादरीआड गेले. चादर वाळून चार दिवस झाले होते, पण ती काढायची नाही असा त्यांचा हुकूम होता. दुर्बिणीत आधी दंतवैद्याची पाठ आली, मग सँडविचांची बशी आली आणि मग जे आलं ते बघून चष्मेवाल्यांनी दुर्बीण खाली घेतली, काचा पुसल्या आणि पुन्हा लावली. बायको एका मोठ्या खुर्चीत बसली होती. मान मागे टेकलेली. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं समाधान, की जणू सगळं जग तिला शरण आलंय.

संसारात त्यांनी तिला डोळे मिटलेलं दोनच प्रसंगी पाहिलं होतं. एक म्हणजे झोपेत, आणि दुसरा म्हणजे चष्मेवाल्यांची बहीण महिनाभर राहायला येतेय हे सांगितल्यावर. दाढीवाल्यासाठी तिने कधी पापणीसुद्धा लववली नव्हती. वीस वर्षं ज्या घरात विहिरीसारखा आवाज घुमला, त्या घराची बाई समोरच्या इमारतीत जाऊन, एका दात उपटणाऱ्याच्या खुर्चीत, डोळे मिटून बसते! चष्मेवाल्यांनी दुर्बीण अशी काही डोळ्यांत रुतवली की ते रसिक नसते तर बघणाऱ्याला तो मत्सरच वाटला असता.

ती आली तेव्हा ते पेपर वाचत होते. पेपर उलटा नव्हता, एवढा संयम त्यांच्यात होता. फक्त तो परवाचा होता.

"कसं काय?"

"बरं वाटलं," बायको म्हणाली.

त्या घरात 'बरं वाटलं' हे ताप उतरल्यावर म्हणायचे शब्द होते.

"दाढीवाला लावला होता का?"

"लावला की."

"मग?"

"चांगला गातो हो. फक्त तिकडे जरा... किरकोळ वाटला."

"किरकोळ?"

"म्हणजे बारीक. दारावर येऊन 'काकू, लाइट बिल आलंय' म्हणून सांगेल ना कुणी, तसा."

चष्मेवाल्यांनी तडक वकीलबाईंना फोन लावला. डॉक्टरांचं मशीन पळतंय, त्यांनी दाढीवाल्याची विटंबना चालवलीय, असं त्यांनी एका दमात सांगितलं. पलीकडून वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरांचं म्हणणं असं की तुमचं मशीन रेंगाळतं."

"माझं?"

"तुमचं. आता असं करू या. दोन्ही बाजू एकदा ऐकून घेऊ. त्यांचं ऐकून झालंय, आता तुमच्याकडे बसू. पण तुमच्या दिवाणखान्यात रस्त्याचा गोंगाट येतो. तसला पुरावा मी धरणार नाही. मला शांत खोली हवी. महिन्याभराने येतो आम्ही सगळे."

"सगळे म्हणजे... माझी बायकोसुद्धा?"

"ती तर मुख्य साक्षीदार आहे!"

एवढं ऐकलं आणि चष्मेवाल्यांनी मागची छोटी खोली ताब्यात घ्यायचं ठरवलं. एकदा, फक्त एकदा, तिने तिथे बसावं, दाढीवाला ऐकावा आणि डोळे मिटावेत. मंडळ आलं नाही तरी चालेल, असं ते स्वतःशी म्हणाले आणि ते धादांत खोटं होतं. मंडळही यायला हवं होतं. पण डोळे आधी.

त्या खोलीत बायकोची इस्त्रीची फळी, बॅगा आणि दिवसातला तिचा एकटीचा अर्धा तास राहत असे. फळी न्हाणीघरात गेली, बॅगा पलंगाखाली गेल्या. अर्धा तास कुठे गेला, याची चौकशी चष्मेवाल्यांनी केली नाही.

खोली शांत कशी करावी, यावर चौकातल्या प्रत्येकाजवळ सल्ला तयार होता. शेजारच्या शिंप्याने गोधड्या टांगायला सांगितल्या. शिवून देणारा तोच. चष्म्याचा नंबर वाढला म्हणून आलेल्या एका निवृत्त इंजिनिअरने, "आवाज अडवायला मातीसारखं काही नाही, भिंतीला आतून दोन फूट माती लावा," असं सांगितलं. खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तिची रुंदीच सात फूट आहे हे कळल्यावर "मग दीड फूट लावा," एवढी सवलत त्याने दिली. शेवटी मोबाइल दुरुस्त करणाऱ्याचं म्हणणं पटलं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे. ते भिंतीला चिकटवले की आवाज त्या खळग्यांत अडकून पडतो म्हणे.

अंडीवाल्याने मात्र रिकामे ट्रे द्यायला साफ नकार दिला. "ट्रे कंपनीला परत जातात साहेब. अंडी घ्या, ट्रे तुमचाच."

"मला अंडी नकोत."

"मग ट्रे कशाला हवा?"

चष्मेवाल्यांनी अंडी घेतली. चार भिंती, एक छत आणि दाराची आतली बाजू, एवढ्याला लागतील तेवढी. पहिल्या आठवड्यात घरात सकाळी ऑम्लेट, दुपारी उकडलेली, संध्याकाळी भुर्जी असा क्रम बसला. दुसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांना वाटावी लागली. शेजारी आधी हसून घेत, मग नुसती घेत, मग बेल वाजली की दार उघडेनासे झाले. खालच्या मजल्यावरच्या आजींनी तर डॉक्टरची चिठ्ठीच आणून दाखवली. "बाबा रे, तुझी माया कळते मला, पण माझं रक्त घट्ट झालंय."

दुकानात नव्या चष्म्याबरोबर सहा अंडी भेट सुरू झाली तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. त्यांनी हातात नियमांची वही आणि चेहऱ्यावर दुःख धरलं होतं.

"तुम्ही राहत्या घरात अंड्यांचा धंदा करताय, अशी तक्रार आहे."

"मी संगीत ऐकायची खोली करतोय."

सेक्रेटरींनी अंडी पाहिली, मग चष्मेवाल्यांना पाहिलं. "भिंतीला काही ठोकायचं, चिकटवायचं तर परवानगी लागते. खोलीचा वापर काय लिहू?"

"लिहा, ऐकणे."

"तसा प्रकार नाही. आमच्याकडे तीनच आहेत. राहणे, दुकान, पाण्याची टाकी."

"राहणे लिहा मग."

"तिथे तुम्ही राहणार?"

"नाही."

"खोटं कसं लिहू? दुकान लिहिलं तर दर वेगळा पडेल. टाकीला मात्र काही लागत नाही. आतून पूर्ण बंद, आवाज नाही, माणसांची वर्दळ नाही. टाकीत बसतं तुमचं."

असा त्या खोलीचा 'जादा पाण्याची टाकी' म्हणून उद्धार झाला. दाढीवाल्याचा आवाज विहिरीतून येतो असं म्हणणाऱ्याने टाकीला हरकत घ्यावी असं काही नव्हतं. चष्मेवाल्यांनी सही करून टाकली.

पंखा काढला, कारण तो कुरकुरत असे. खिडकी गादीने बुजवली. सुताराने दाराला आतून जाड फोम मारला, दार ओढलं की आपोआप बसणारा, बाहेरून उघडणारा खटका लावला आणि आतली मूठ बसवायच्या आधी "जेवून येतो" म्हणून गेला. सुतार जेवायला गेला की त्याची वाट बघायची नसते, तो पुढच्या जन्मी भेटतो असं धरून चालायचं असतं. तोवर दार पूर्ण लागू नये म्हणून चष्मेवाल्यांनी उंबऱ्यात एक वीट ठेवली.

ठरलेल्या रविवारी मंडळी आली. वकीलबाई सगळ्यात उंच खुर्चीत बसल्या. काकांनी आल्या आल्या "फार छान झालंय" म्हटलं, कारण शेवटी तसं चष्मेवालेच बोलले होते. दंतवैद्य सवयीने स्टुलाकडे गेला. चष्मेवाल्यांनी ते पाहिलं आणि त्यांना आत कुठेतरी गार वाटलं. तेवढंच गार. बाकी त्या पुठ्ठ्याच्या पोटात, पंख्याविना, पाच माणसं भट्टीत घातलेल्या पावासारखी फुगत चालली होती. बायकोसाठी त्यांनी दिवाणखान्यातली सगळ्यात मऊ खुर्ची आणून, मागे उशी ठेवून, ती नेमकी मशीनच्या समोर मांडली होती.

"इथे मी बसू?" बायकोने संशयाने विचारलं. "आणि चहा?"

"चहा राहू दे आज," चष्मेवाले म्हणाले. काका चमकले.

सुई टेकली. दाढीवाल्याने सुरुवात केली आणि त्याच क्षणी रस्त्यावर एका ट्रकने हॉर्न दिला. दाराच्या फटीतून तो आत आला. पुरावा भ्रष्ट होतोय हे बघून चष्मेवाले त्वेषाने उठले, त्यांनी वीट लाथेने बाहेर सारली आणि दार ओढून घेतलं. धप्प. बाहेरचा रस्ता असा गप्प झाला की दाढीवाल्याच्या दोन ओळींमध्ये काकांच्या पोटातली दुपारची भुर्जी ऐकू आली.

"आता ऐका," चष्मेवाले पुटपुटले. "तळ शोधा."

दाढीवाला गात होता. खोल, संथ, भारदस्त. वकीलबाईंची भुवई वर गेली. दंतवैद्यानेही मान तिरकी केली. चष्मेवाल्यांचे डोळे मात्र मशीनवर नव्हते, समोरच्या उशीवर टेकलेल्या मानेवर होते. पापण्या जरा खाली आल्या. अजून जरा. मग घामाचा एक थेंब कपाळावरून निघाला आणि बायकोने डोळे उघडून तो पुसला.

खोली तापत होती. मशीन त्याहून तापत होतं आणि त्याच्या पोटातली लहान मुलांच्या चष्म्याची दोरी, जी वीस वर्षं हूं की चूं करत नव्हती, ती आता सैल पडू लागली. दाढीवाला आणखी खाली उतरला.

"बघा!" चष्मेवाले अत्यानंदाने म्हणाले. "असा कधी लागला होता?"

तो आणखी उतरला. ज्या ओळीत तो प्रेयसीला परत बोलावतो, ती ओळ एखादी म्हैस चिखलातून पाय काढत असावी तशी आली. वकीलबाईंनी रुमाल तोंडाला लावला. काका "व्वा" म्हणाले, पण विचारल्यासारखं म्हणाले. दाढीवाला विहिरीच्या तळाशी पोचला, तिथे त्याने एक लांबलचक ढेकर दिला आणि तो थांबला.

चष्मेवाले मशीनवर झेपावले. माणूस संकटात सापडला की विचार करत नाही, हात चालवतो. त्यांनी वाकून एका बोटाने थाळीला फिरवायला सुरुवात केली. आधी हळू. दाढीवाला म्हशीतून बाहेर आला. जरा जोरात. तो विहिरीतून वर आला. अजून जरा, आणि अचानक, चष्मेवाल्यांच्याच बोटाखालून, स्वच्छ, टवटवीत, अगदी किरकोळ आवाजाचा एक माणूस गाऊ लागला. दारावर येऊन 'काकू, लाइट बिल आलंय' म्हणणारा. गाणं त्या आवाजाला असं चपखल बसलं होतं की त्यात शंकेला जागाच नव्हती.

बोट थांबलं.

"बघा, बारीकच आहे हो," बायको हळूच म्हणाली.

कुणी हसलं नाही. हसले असते तर चष्मेवाल्यांना परवडलं असतं. त्यांनी थाळी उचलली, तर तिच्याखाली ती दोरी मेलेल्या गांडुळासारखी लोळत पडली होती. "वीस वर्षं," ते म्हणाले. त्यांनी ती दोन बोटांनी उचलून खिशात ठेवली.

"बाहेर जाऊन वारा घेऊ या," वकीलबाई उठल्या आणि त्यांनी दाराला हात घातला. दाराला आतून धरायला फोमशिवाय काही नव्हतं.

"वीट?" दंतवैद्याने विचारलं.

"बाहेर आहे," चष्मेवाले म्हणाले.

मग सगळ्यांनी आळीपाळीने दार बडवलं. अंड्यांच्या ट्रेनी मोबाइलवाल्याचा शब्द राखला. आवाजाचा कणही बाहेर गेला नाही. फोन सगळ्यांचे दिवाणखान्यात, कारण ऐकताना फोन जवळ नको हा चष्मेवाल्यांचाच वीस वर्षांचा नियम. शेवटी मंडळी दमून परत आपापल्या जागी बसली. आता ऐकायला काही नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदाच कुणी खरं बोलू लागलं.

"चष्मेवाले, एक सांगू?" दंतवैद्य स्टुलावरून म्हणाला. "मी वीस वर्षं तुमच्यावर जळत होतो."

"माझ्यावर?"

"तुम्ही काहीही बोलायचात आणि सगळे भांडायला उठायचे. विहीर काय, तळ काय! मी म्हटलं, आपण मोठं मशीन घेऊ, मग माझ्याकडे भांडतील. पण ते मशीन इतकं स्वच्छ वाजतं, की गायकाने श्वास कुठे घेतला तेही कळतं. भांडायला काही उरतच नाही. सगळे सँडविच खातात, 'छान आहे' म्हणतात आणि जातात. मला तर रुग्ण बसवल्यासारखं वाटतं."

"डॉक्टर खरं बोलताहेत," काका म्हणाले. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा, कुणीही आधी काही न बोलता, स्वतःचं मत दिलं. "मला दाढीवाला खोलच आवडतो. डॉक्टरांकडे बारीक ऐकला आणि मला घरी जाऊन रडू आलं."

वकीलबाई ताठ बसल्या. "हरकत. बारीकवाला अधिक प्रामाणिक आहे."

"प्रामाणिक?" दंतवैद्य उसळला. "सोलवाला असून सांगतो, खोलवाल्यात दुःख आहे!"

"ते दुःख इलॅस्टिकचं आहे."

"कुणाचं का असेना! दुःख ते दुःख!"

चष्मेवाल्यांची मान हळूहळू वर आली. अजून थोडा वेळ हे चाललं आणि निवाडा झाला तो असा. हळू दाढीवाला आणि जलद दाढीवाला हे दोन स्वतंत्र कलावंत आहेत, पहिला फक्त चष्मेवाल्यांकडेच ऐकायला मिळतो, सबब तीच दोरी पुन्हा शिवून बसवावी, नवा पट्टा आणल्यास बहिष्कार. मंडळ पुन्हा दर रविवारी इथेच, पण दिवाणखान्यात. घामाने निथळत चष्मेवाले सम्राटासारखे बसले होते. राहिली होती एकच गोष्ट.

"अगं," ते बायकोकडे वळले. आवाज जमेल तेवढा सहज ठेवला. "तू तिकडे डोळे मिटून ऐकत होतीस ना... काय ऐकत होतीस?"

"मोठ्या बाई. माझी रेकॉर्ड घेऊन गेले होते मी, चादरीखालची." तिने कपाळावरचा घाम पुसला. "पहिल्यांदा त्या बाईसारख्या ऐकू आल्या हो. एक बाजू पुरती ऐकली. मग दुसऱ्या बाजूला मला झोप लागली."

"झोप!"

"अशी झोप लग्नानंतर लागली नव्हती. गार खोली, मऊ खुर्ची, आणि कुणी चहा मागत नाही."

तेवढ्यात दार बाहेरून उघडलं. वारा आत आला आणि त्याच्यामागे सेक्रेटरी आणि ब्लीचिंग पावडरची बादली घेतलेली दोन माणसं. आज सोसायटीच्या सगळ्या टाक्या धुवायचा दिवस होता आणि घराचं पुढचं दार रविवारी मंडळासाठी नुसतं लोटलेलं असे. त्या दोघांनी आतल्या घामाघूम पाच माणसांकडे पाहिलं, अंड्यांच्या ट्रेनी मढवलेल्या भिंतींकडे पाहिलं आणि त्यांतला मोठा सेक्रेटरींना म्हणाला, "साहेब, ही टाकी आधी रिकामी करायला सांगा."

मंडळी बाहेर आली. काकांनी आशेने स्वयंपाकघराकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी ते पाहिलं, बायकोकडे पाहिलं, आणि साम्राज्य परत मिळाल्याच्या भरात स्वतःच गॅसवर आधण ठेवलं. चहापत्ती कुठे असते हे मात्र त्यांना विचारावं लागलं. दंतवैद्य जायला निघाला, तेव्हा ते आतूनच मोठ्याने ओरडले, "डॉक्टर, पुढच्या रविवारपासून तुम्ही खुर्चीत बसायचं हं!"

"येणार ना तुम्ही दर रविवारी इकडे?" बायकोने दारात दंतवैद्याला विचारलं.

"न चुकता, वहिनी."

"आणि तुमच्या मिसेस?"

"ती रविवारी दवाखान्यात असते दुपारभर. का हो?"

"नाही, म्हणजे तुमची खोली रिकामीच राहणार," बायको पदराने मान पुसत म्हणाली. "मग आलात की किल्ली तेवढी माझ्याकडे देत जा. आणि त्या खिडकीला एक जाडसा पडदा लावून घ्या. आमच्याकडे दुर्बीण आहे."